एकाच फेरीत माणूस, गुरे आणि रान: संरक्षित वनांच्या कडेच्या गावांत आरोग्यकार्य कसे उभारावे

ग्वाल्हेरहून शिवपुरीच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत घाटीगावचे रान सुरू होते. तेथे १९८१ मध्ये माळढोकासाठी, इकडच्या बोलीत सोनचिरैयासाठी, अभयारण्य राखण्यात आले. पुढे शिवपुरीला लागूनच माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि मार्च २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आहे. पोहरीवरून आणखी पुढे गेले की श्योपूर जिल्ह्यातले कूनो राष्ट्रीय उद्यान लागते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते तेथे आणले गेले. उत्तरेला, मुरैन्याच्या अंगाने, घडियालांसाठी, म्हणजे लांब तोंडाच्या मगरींसाठी, राखलेले चंबळचे अभयारण्य आहे. एका शहरापासून एका दिवसाच्या प्रवासात इतकी संरक्षित क्षेत्रे असणे ही भाग्याची गोष्ट आहे, आणि या बहुतेक रानांच्या कडेला सहरिया या आदिवासी समाजाच्या वस्त्या, म्हणजे सहराने, आहेत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आपल्या मराठी मंडळांकडे या कामाला लागणारी माणसे आहेत. निवृत्त डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषधविक्रेते आहेत, पशुवैद्य आहेत, आणि वर्षातून एकदोनदा एखाद्या गावात आरोग्य शिबिर घेण्याची हौसही आहे. हे टिपण त्यांच्यासाठी आहे. सांगायचे मूळ सूत्र एवढेच की रानाच्या कडेच्या गावात माणसाचे आरोग्य, गुरांचे आरोग्य आणि वन्यप्राण्यांचे रक्षण ही कामे एकाच फेरीत, एकाच ओळखीच्या माणसाने आणि एकाच वहीत करावीत. आज औषधाची पेटी घेऊन येणारे आणि रान वाचवू पाहणारे लोक वेगवेगळ्या दिवशी येतात व परस्परांशी बोलतही नाहीत. सहरान्यातल्या बाईला मात्र नवऱ्याचा खोकला, बिबट्याने नेलेली शेळी आणि सरपणासाठी नाकेदाराची, म्हणजे वनरक्षकाची, बोलणी या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सोसाव्या लागतात.

ही कल्पना नवी नाही. युगांडातील बविंडीच्या जंगलात १९९६ मध्ये पर्वतीय गोरिलांच्या एका कळपाला खरूज झाली, केस गळले आणि एक पिल्लू दगावले. हे गोरिला रानाबाहेरच्या शेतांत उतरत असत, आणि बुजगावण्यांवर अडकवलेल्या गावकऱ्यांच्या मळक्या कपड्यांतून ही खरूज त्यांच्यापर्यंत गेली असावी, असे त्यावेळच्या तपासात दिसून आले. गावात साबण नव्हता, औषध नव्हते, म्हणून जंगलातले पिल्लू मेले. पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी यातून जो अर्थ घेतला त्याच्या आधारावर २००३ मध्ये एक संस्था उभी राहिली. त्या संस्थेचे गावातलेच स्वयंसेवक घरोघर जाऊन खोकल्याची चौकशी करतात, स्वच्छतेबद्दल बोलतात आणि गोरिला शेतात आल्याची खबरही तेच देतात. आपल्याकडे गोरिला नाहीत, पण कूनोभोवतीच्या गावांत ‘चीता मित्र’, म्हणजे चित्त्यांबद्दल गावाला माहिती देणारे स्वयंसेवक, नेमलेले आहेत, प्रत्येक गावात आशाताई आहेत, आणि या दोघांनी एकत्र बसून एक वही भरावी असे अजून कोणी त्यांना म्हटलेले नाही. कामाची सुरुवात येथूनच करता येते.

आधी ऐकून घ्यावे

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत औषधाची पेटी गाडीतच ठेवावी आणि पटेलांच्या, म्हणजे वस्तीच्या प्रमुखांच्या, दारात, शेतमजुरीवरून लोक परतल्यावर, नुसते बसावे. इंडोनेशियातील पश्चिम कालिमंतानमध्ये गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यानाशेजारी २००७ मध्ये जो दवाखाना सुरू झाला, त्याच्या आधी कार्यकर्त्यांनी गावागावांत मिळून चारशेहून अधिक तास लोकांचे म्हणणे ऐकले होते. तोडीशिवाय जगायला तुम्हांला काय लागेल, एवढेच विचारले. लोकांनी परवडणारे उपचार आणि सेंद्रिय शेतीचे शिक्षण मागितले. पुढे दहा वर्षांत त्या उद्यानातील जंगलतोड, अशी सोय नसलेल्या इतर उद्यानांच्या तुलनेत, सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

आपल्या भागात ऐकताना जुन्या जखमा निघतील, त्यांना वाट द्यावी. कूनोत गीरच्या सिंहांना दुसरे घर मिळावे म्हणून १९९८ ते २००३ या काळात २४ गावे उठवण्यात आली. त्यांतील बहुतेक कुटुंबे सहरिया होती, आणि सालईच्या डिंकापासून शतावरीपर्यंत जे काही विकून त्यांचे घर चाले ते आत राहिले. शिवपुरी जिल्ह्यातील करैऱ्यात माळढोकासाठी १९८१ मध्येच अभयारण्य झाले, त्यात लोकांच्या खाजगी जमिनी अडकल्या, काळविटांनी पिके खाल्ली, आणि नव्वदीच्या दशकात तो पक्षीच दिसेनासा झाला. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांच्यासमोर ‘वन्यजीव आपले मित्र’ असे भाषण करू नये. त्यांच्या घरातला खोकला थांबवावा, तेवढ्याने बोलणे सुरू होते.

परवानग्यांचे काम तुलनेने सोपे आहे. जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा अधिकाऱ्यांना, वनमंडलाधिकाऱ्यांना आणि पशुचिकित्सा विभागाच्या उपसंचालकांना एकच पत्र द्यावे, त्यात गावांची नावे व तारखा स्पष्ट लिहाव्यात, आणि काम उद्यानाच्या हद्दीबाहेरील गावांत होईल असे नमूद करावे. स्वतंत्र समिती स्थापन करण्याचा मोह टाळावा. गावात आरोग्यासाठी ग्रामसभेची तदर्थ समिती असते आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत खुला निधी मिळण्याची तरतूद आहे; वनाच्या बाजूने इको विकास समिती असते. या दोन्ही समित्यांची एक बैठक तीन महिन्यांतून एकदा एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर व्हावी, एवढा आग्रह धरला तरी पुरेसा आहे.

वही कशी असावी

प्रत्येक घराला एक पान द्यावे. वरच्या भागात माणसे लिहावीत: दोन आठवड्यांहून जास्त खोकला कोणाला आहे, कोण गरोदर आहे, कोणत्या मुलाचे लसीकरण राहिले आहे, कोण मजुरीला बाहेरगावी गेले आहे आणि केव्हा परतणार आहे. मधल्या भागात जनावरे लिहावीत: गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री, त्यांच्या लसी आणि गेल्या तीन महिन्यांत मेलेले किंवा वन्यप्राण्याने मारलेले जनावर. खालच्या भागात रान लिहावे: कोणता प्राणी गावाजवळ दिसला, पिकाचे काय झाले, सरपण आणि पाणी किती दुरून आणावे लागते. ही वही आशाताई किंवा चीता मित्राकडेच राहावी, शहरातल्या गटाने ती घेऊन जाऊ नये. आपण फक्त महिन्यातून एकदा तिच्यावरून पुढच्या फेरीची तयारी करावी.

येथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो, कारण ती आम्ही चुकूनच शिकलो. आमच्या सुरुवातीच्या एका शिबिरात वन कर्मचारी मदतीसाठी म्हणून नोंदणीच्या टेबलाशीच बसले होते. सरपणाच्या प्रश्नाला एका बाईने खरे उत्तर दिले, आणि पंधरा दिवसांत तिच्या घरातली कुऱ्हाड व मोळी जप्त झाली. पुढच्या महिन्यात त्या सहरान्यातले एकही दार आमच्यासाठी उघडले नाही, आणि त्या बंद दारांमागे किमान दोन क्षयरुग्ण होते. म्हणून वहीच्या खालच्या भागात कोणाचेही नाव जोडून लाकूड, शिकार किंवा चराई यांची नोंद करू नये. ही वही वन खात्याला दाखवायची नाही, असे खात्याला पहिल्याच भेटीत नम्रपणे आणि लेखी सांगावे. आरोग्य कार्यकर्ता खबऱ्या झाला की तो दोन्ही कामांतून गेला. वन्यप्राणी दिसल्याची खबर, आगीची खबर आणि विषबाधेची खबर मात्र द्यायची असते, आणि ती देण्याचे गावानेच आधी कबूल केलेले असावे.

खोकल्यापासून सुरुवात

सहरियांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासांतून वारंवार समोर आले आहे. अशक्तपणा, बिनखिडकीच्या एका खोलीत सगळ्यांचे झोपणे, चुलीचा धूर, तंबाखू आणि मजुरीसाठीचे स्थलांतर ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. शिवपुरी आणि घाटीगावच्या बाजूला दगडाच्या खाणींत काम केलेल्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ साचून सिलिकोसिस होतो आणि तो क्षयासारखाच दिसतो, शिवाय त्याच्यामुळे क्षय होण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे खोकणाऱ्याला ‘पूर्वी कोठे काम करत होतात’ हा प्रश्न विचारणे सोडू नये.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे यांपैकी काहीही असेल तर थुंकीचा नमुना घेऊन तो त्याच दिवशी तपासणी केंद्रात पोहोचवावा. आमच्या अनुभवात रुग्णाला ‘केंद्रावर जा’ असे सांगितलेले बहुधा वाया जाते, पण नमुना आपण नेला तर निदान होते. उपचार मोफत आहेत आणि नेहमीचा क्षय असेल तर सहा महिने चालतात. निदान झाल्यावर रुग्णाची निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते, आणि पोषणासाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. खात्याला आधार जोडलेला नसणे हीच तेथली खरी अडचण असते, आणि ती सोडवायला डॉक्टर लागत नाही, बँकेत बरोबर जाणारा माणूस लागतो. मंडळातल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी हे काम अंगावर घ्यावे.

रुग्णाच्या घरातील इतरांना पोटभर, सकस अन्न मिळाले तर त्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचे झारखंडमधील मोठ्या चाचणीत दिसून आले आणि ते निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून शिबिरात टॉनिकच्या बाटल्या वाटण्याऐवजी त्याच पैशांत रुग्णाच्या घरी महिन्याचे डाळ, शेंगदाणे, तेल आणि धान्य पोहोचवावे. या एका रोगाचा रानाशी काय संबंध, असे शहरात अनेकदा विचारले जाते. घरातला कमावता माणूस सहा महिने अंथरुणाला खिळला की घर चालवायला उरते ते रानच. तेव्हा बाई रोज एका मोळीऐवजी दोन मोळ्या आणते आणि मुलगा शाळा सोडून डिंकासाठी आत जातो. क्षयाचा वेळेवर उपचार हे त्या घरासाठी, आणि त्या झाडांसाठीही, सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

कुत्री, दंश आणि लस

रानाच्या कडेच्या गावात सर्वांत आधी हाती घ्यावे असे जनावरांचे काम म्हणजे कुत्र्यांचे लसीकरण. चित्ते येण्यापूर्वी कूनोच्या आसपासच्या गावांत कुत्र्यांना रेबीजची लस देण्यात आली होती. ती एकदाच देऊन भागत नाही, दर वर्षी द्यावी लागते. गावातली किमान ७० टक्के कुत्री लस घेतलेली असतील तर रेबीजची साखळी तुटते असे जागतिक आरोग्य संघटना मानते. याला जोडूनच डिस्टेंपरची लसही द्यावी, कारण हा कुत्र्यांचा विषाणू मोठ्या मांजरकुळाला मारतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने गेले, आणि २०१८ मध्ये गीरच्या एकाच भागात दोन-तीन आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले तेव्हा त्यांच्यातही हाच विषाणू सापडला.

गावात कुत्री पकडण्याचे काम शाळेतली मुले उत्साहाने करतात, पण त्यांना चावा बसू नये म्हणून हे काम मालकाच्या हातातच ठेवावे आणि मुलांना फक्त हिशोब ठेवायला सांगावे. लस दिलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधावा, म्हणजे दुसऱ्या फेरीत राहिलेली कुत्री ओळखू येतात. उकिरडा गावाबाहेर पण उघड्यावर असेल तर कुत्री वाढतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. आपल्या अकोल्याजवळच्या, म्हणजे नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या, ऊसशेतीत राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. तेव्हा मेलेले जनावर आणि शिळे अन्न खड्ड्यात पुरण्याची व्यवस्था हेही आरोग्याचेच काम समजावे.

चावा बसल्यावर काय करायचे ते प्रत्येक घरात तोंडपाठ असले पाहिजे. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. नंतर त्याच दिवशी केंद्रावर जाऊन लस सुरू करावी. त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. कोल्हा, लांडगा, तरस, अस्वल किंवा कोणत्याही वन्यप्राण्याने रक्त काढले तर ती जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातली धरतात आणि लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिद्रव्यही, द्यावे लागते. ते लहान केंद्रात नसते. ते सध्या जिल्हा रुग्णालयात आहे की रुग्णाला थेट ग्वाल्हेरला आणावे लागेल, हे दर महिन्याला फोन करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

साप

पावसाळ्याच्या चार महिन्यांत बिबट्यापेक्षा साप कितीतरी अधिक माणसे मारतो, आणि गावकऱ्यांना हे माहीत असते. शहरातल्या माणसालाच ते सांगावे लागते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, फारसे दुखत नाही, पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. उपाय साधा आहे: खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. तीच मच्छरदाणी हिवतापापासूनही वाचवते, म्हणून वाटपाच्या यादीत तिला पहिली जागा द्यावी.

साप चावल्यावर अवयव हलू न देता फळीला बांधावा, कडी, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत, कापू नये, चोखू नये, करकचून आवळू नये आणि प्रतिविष असलेल्या केंद्राकडे निघावे. या भागात तेजाजी या लोकदेवाच्या नावाने बंध बांधण्याची श्रद्धा खोल आहे. तिची टर उडवणारा कार्यकर्ता गावातून उठतो आणि रुग्णही गमावतो. आम्ही तेजाजींच्या थानावरच्या भोपाजींना, म्हणजे पुजाऱ्यांना, विनंती केली की बंध सैल धाग्याचा असावा, तो गाडीत बसल्यावर बांधावा, आणि देवाचे नाव घेत रुग्णाला दवाखान्यापर्यंत त्यांनीच पोहोचवावे. त्यांनी ते मानले, आणि त्यांच्या शब्दावर निघणारी गाडी आमच्या शब्दापेक्षा लवकर निघते. सापाला मारून सोबत आणण्याची गरज नाही हेही येथेच सांगावे, कारण आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असते.

गुरे, गिधाडे आणि इंजेक्शन

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३३-अ नुसार अभयारण्याच्या आत आणि पाच किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या गुरांचे संसर्गजन्य रोगांविरुद्ध लसीकरण करण्याची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर आहे. ही तरतूद अनेक गावांना ठाऊक नसते, ती समितीच्या ठरावात लिहून मागावी. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची, म्हणजे गुरे गाभडवणाऱ्या व माणसालाही होणाऱ्या रोगाची, लस एकदा, हे केंद्राच्या कार्यक्रमातून मोफत मिळते. शेळ्यांसाठी पीपीआर या साथीच्या रोगाची लस विसरू नये. सहरिया घरात शेळी हाच विमा असतो. ज्या घरात ब्रुसेलोसिसचा संशय आहे तेथे दूध उकळूनच प्यावे, आणि गाभडलेल्या जनावराचे वार उघड्या हाताने उचलू नये.

गुरांना दुखण्यावर कोणते इंजेक्शन दिले जाते याची चौकशी मात्र फार बारकाईने करावी. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांवर मर्यादा आली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांनाही जनावरांसाठी मनाई झाली. तरीही पदवी नसलेले वैदू, ज्यांना इकडे झोलाछाप म्हणतात, माणसांची कुपी गाईला टोचतात. त्यांना पकडून देण्यापेक्षा त्यांच्या हाती मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक ठेवणे अधिक उपयोगी पडते. ते गिधाडांना सुरक्षित आहे, स्वस्त आहे आणि गाईचे दुखणेही थांबवते. मंडळातल्या औषधविक्रेत्यांनी पोहरी, कराहल अशा बाजारगावांतील दुकानदारांशी या एका गोष्टीबद्दल स्वतः जाऊन बोलावे. गिधाडे गेली की मेलेली गुरे कुत्र्यांना मिळतात, कुत्री वाढतात आणि रेबीज माणसाकडे येतो.

वाघ-बिबट्याने जनावर मारले तर त्याची भरपाई मिळते, पण ती वेळेवर मिळाली नाही तर मढ्यावर विष पडते, आणि त्या विषाने वाघापासून गिधाडापर्यंत सगळे मरतात. मध्य प्रदेशात ही मदत लोकसेवा हमी कायद्याच्या कक्षेत आहे. म्हणून मोबाइलवर लगेच फोटो काढणे, मढे न हलवणे, वन चौकीला त्याच दिवशी कळवणे आणि अर्जाची पोच घेणे, एवढे एका तरुणाला प्रत्येक गावात शिकवून ठेवावे. माणूस जखमी झाला असेल तर उपचारांच्या पावत्या जपणे हे आपल्या गटाने करावे.

रानातल्या हंगामात

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे वेचतात, त्याच वेळी अस्वलेही तेथे असतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि आग रानात शिरते. झाडाखाली जाळी बांधली तर पाला जाळावा लागत नाही, वाकून वाकून कंबर मोडत नाही, उजाडल्यावर गेले तरी चालते, आणि स्वच्छ फुलांना भावही बरा येतो. एका जाळीने अस्वलाचा हल्ला, वणवा आणि कंबरदुखी तिन्ही कमी होतात, आणि देणगीदाराला दाखवायला ती औषधांच्या खोक्यांइतकी आकर्षक नसली तरी आमच्या यादीत ती वरच आहे.

अटी घालाव्यात का

कालिमंतानच्या दवाखान्यात तोड थांबवणाऱ्या गावाला उपचारांत सवलत मिळते आणि बिल रोपे देऊनही फेडता येते. ते तेथे चालले, कारण तेथे उपचारांना पैसे पडत होते. आपल्याकडे क्षय, रेबीज, बाळंतपण आणि सर्पदंश यांचे उपचार सरकारी व्यवस्थेत नागरिकाला मोफत मिळायला हवेत. त्यांना ‘झाड तोडणार नाही’ अशी अट जोडणे माझ्या मते अन्यायाचे आहे. गावाने वणवा लागू दिला नाही म्हणून जाळ्या, मच्छरदाण्या, निर्धूर चुली किंवा शेळ्यांचे जादा लसीकरण असे सामूहिक बक्षीस देता येईल. आजारी माणसाला मात्र कोणतीही अट लागू नये.

कुटुंबनियोजनाबद्दलही असेच जपून वागावे. बविंडीत तो कामाचा मोठा भाग आहे. येथे सहरिया हा विशेष मागास आदिम गटांत मोडणारा समाज आहे आणि अशा गटांच्या नसबंदीवर मध्य प्रदेश सरकारने १९७९ मध्येच बंदी घातली होती. त्या बंदीमुळे ज्या बायकांना मुले थांबवायची होती त्यांनाही वाट उरली नाही, आणि दुसरीकडे रान वाचवण्यासाठी आदिवासींनी मुले कमी करावीत असे बाहेरच्याने म्हणणे तितकेच अपमानाचे आहे. दोन मुलांत अंतर ठेवण्याची साधने, बाईने मागितल्यावर, आशाताईंच्या हातून, तिच्याच शब्दावर मिळावीत. रानाचा विषय त्या बोलण्यात आणूच नये.

वर्षाचे वेळापत्रक

पहिली फेरी दिवाळीनंतर ठेवावी, तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि माणसे घरी असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खोकल्याची तपासणी आणि कुत्र्यांच्या लसी उरकाव्यात, जानेवारीत गुरांच्या लसी व शेळ्यांची नोंद करावी. मार्चमध्ये मोहाच्या जाळ्या, मेमध्ये तेंदूपत्त्याच्या फडांवर ओआरएस, जूनआधी मच्छरदाण्या आणि प्रतिविषाच्या साठ्याची चौकशी. वर्षअखेरीस शिबिराला किती लोक आले ही संख्या लिहू नये, ती नेहमी मोठीच निघते. किती क्षयरुग्णांनी उपचार पूर्ण केले, चाव्यानंतर चौथा डोस किती जणांनी घेतला, साप चावल्यापासून केंद्रात पोहोचायला किती तास लागले, भरपाईचे किती अर्ज मंजूर झाले आणि किती ठिकाणी वणवा लागला, एवढेच लिहावे.

सर्वांत नाजूक आठवडा फेब्रुवारीअखेरचा असतो. तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे मोहरी आणि गव्हाच्या कापणीसाठी मुरैन्याकडे किंवा राजस्थानात निघतात आणि क्षयाची औषधे मध्येच सुटतात. त्या आठवड्यात इतर सर्व कामे बाजूला ठेवून प्रत्येक रुग्णाच्या घरी जावे, महिनाभराच्या गोळ्या त्याच्या हाती पोहोचल्या आहेत की नाहीत ते पाहावे, निक्षय क्रमांक जाड कागदावर लिहून तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा, आणि तो दाखवल्यावर कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात पुढची औषधे मिळतात हे त्याच्या बायकोलाही समजावून सांगावे. ठेकेदाराचा मोबाइल नंबर वहीत लिहून घ्यावा, आणि दर पंधरा दिवसांनी गावातल्याच माणसाने त्यावर फोन करावा.